गणपतीच्या आधी पगार: मोठ्या पेरोलच्या सर्व्हरचा वेग कसा मोजायचा

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली. महिना संपायला चार दिवस बाकी आणि कोकणात तर मखराचं सामान आणायच्या आधी प्रत्येकाला खात्यात पगार हवा. एरवी ३० तारखेला हजेरी बंद करून निवांत दोन दिवसांत होणारं काम अशा महिन्यात एका रात्रीत बसवावं लागतं. सर्व्हर पुरेल का, हा प्रश्न तेव्हा विचारून उपयोग नसतो. तो जूनमध्ये विचारायचा, मोजून.

बहुतेक ठिकाणी मोजलं जातं ते चुकीचं. ‘तासाला इतके हजार कर्मचारी’ हा आकडा विक्रेत्याच्या पत्रकातून येतो आणि निविदेच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या ई-बिझनेस सूटच्या आणि पीपलसॉफ्टच्या पेरोलसाठी हार्डवेअर कंपन्यांबरोबर असे आकडे वर्षानुवर्षं प्रसिद्ध केले आहेत. त्या अहवालांत घेण्यासारखी गोष्ट एकच, त्यांची पद्धत: पगाराच्या साखळीतला प्रत्येक टप्पा वेगळा मोजलेला असतो. आकडा मात्र तिथेच ठेवावा. त्यांचा कर्मचारी आणि तुमचा कर्मचारी यांच्या पगारपत्रकात काही साम्य नसतं.

आधी घड्याळ, मग यंत्र

समजा रत्नागिरीतल्या एका कचेरीकडे लोटे परशुराम, महाड आणि रोहा इथल्या कारखान्यांचे मिळून ८०,००० लोकांचे पगार आहेत. कायम कामगार, कंत्राटी कामगार, हंगामी बाया, सगळे धरून. गणपतीच्या महिन्यात हजेरी रात्री ८ ला बंद होणार आणि बँकेला फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला हवी. हाताशी १४ तास.

त्यातून कापाकापी सुरू करा. सकाळी ८ ते १० हे दोन तास तपासणी आणि सहीचे. ते यंत्राचे नाहीत. उरले १२. एखाद्या कारखान्याचं मस्टर चुकीचं आलं असं पहाटे लक्षात आलं, तर संपूर्ण रन, म्हणजे सगळ्यांचा पगार काढण्याचं अख्खं काम, पुन्हा चालवायला जागा हवी, म्हणून निम्मे करा: ६. आधीची रन उलटवून डेटाबेस मूळ जागी आणायला एक तास धरा. म्हणजे एका रनला ५ तास. ८०,००० भागिले ५, तासाला १६,००० कर्मचारी. हे तुमचं लक्ष्य. ते हिशेबातून आलं आहे, पत्रकातून नाही. आणि ते हजेरीपासून बँक फाइलपर्यंतच्या साखळीचं आहे, फक्त गणनेचं नाही.

दुसऱ्या रनची जागा न धरता केलेला हिशेब हा आमच्या मते हिशेबच नाही. पहिल्या फटक्यात सगळ्यांची हजेरी बरोबर आली, असा महिना क्वचित असतो.

साखळीचे टप्पे

हजेरी आत घेणं, गणना, थकबाकीची गणना, निश्चिती, बँक फाइल, स्लिपा, भविष्य निर्वाह निधीची ईसीआर (मासिक विवरणाची फाइल) आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) फाइल, लेखा विभागाच्या जर्नल नोंदी. प्रत्येक टप्प्याची सुरुवात आणि शेवट लॉगमध्ये सेकंदासह पडलाच पाहिजे. शेवट म्हणजे पडद्यावर ‘पूर्ण’ असा शब्द दिसला तो क्षण नव्हे, डेटाबेसमधला शेवटचा कमिट, म्हणजे कायमची नोंद, झाला तो क्षण. काही प्रणाली ‘पूर्ण’ दाखवतात आणि मागे रांगेत दहा मिनिटांचं लिखाण बाकी असतं.

मग विचारा, यातलं सकाळी १० च्या आत काय लागतं? बँक फाइल. ईसीआरची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख, टीडीएस भरण्याची ७. स्लिप दुपारी मिळाली तर कुणाचं अडत नाही. तरी बहुतेक ठिकाणी स्लिपा बँक फाइलच्या आधी छापल्या जातात, कारण मेन्यूत त्या क्रमाने आहेत. क्रम बदलणं हे सगळ्यात स्वस्त ट्यूनिंग. त्यात हार्डवेअरचा रुपयाही जात नाही.

चाचणीचा डेटा: इथे घाई नको

अर्ध्याहून अधिक चाचण्या फसतात त्या डेटावर. एकच नमुना कर्मचारी ८०,००० वेळा चिकटवला की सर्व्हर वाऱ्यासारखा पळतो, कारण सगळ्यांसाठी तीच पानं मेमरीत असतात आणि तीच फांदी कोडमध्ये चालते. खऱ्या पगारपत्रकात माणसं सारखी नसतात.

काजू कारखान्यात सोलणीची मजुरी किलोवर असते, म्हणजे एका बाईमागे महिन्याला २५-२६ रोजच्या नोंदी. कारकुनामागे एकच ओळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांत जूनमध्ये माणसं कमी आणि ऑगस्टमध्ये एकदम भरती. आंब्याच्या कॅनिंगचे लोक एप्रिल-मेमध्ये येतात आणि जूनमध्ये त्यांचा फुल अँड फायनल होतो. तो साध्या पगाराहून कितीतरी जड, कारण रजेचे पैसे, बोनस, उचल वसुली असं सगळं एकदम निघतं. तुमच्या गर्दीच्या महिन्यातलं हे मिश्रण मोजा आणि चाचणीत त्याच प्रमाणात घाला.

थकबाकी वेगळी धरा. वेतन करार सहा महिने मागून लागू झाला, तर त्या माणसाची गणना सहा जुन्या महिन्यांसाठी आणि एका चालू महिन्यासाठी, एकूण सात वेळा होते. ८०,००० पैकी १०,००० जणांना थकबाकी असेल, तर यंत्राच्या दृष्टीने काम ८०,००० चं नाही, १,४०,००० चं आहे. करार ऑगस्टमध्ये सही होतो आणि तोही गणपतीच्या आधीच द्यायचा ठरतो, हे गृहीत धरूनच चाला.

जुना इतिहासही लागतो. माणशी पगाराचे २५ घटक धरले तर महिन्याला २० लाख ओळी, तीन वर्षांच्या ७ कोटी २० लाख. रिकाम्या डेटाबेसवर जी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) इंडेक्स, म्हणजे शोधसूची, नसतानाही चालते, ती इथे गुडघे टेकते. मार्चमध्ये टीडीएसचा वर्षभराचा हिशेब काढताना एका रनमध्ये २ कोटी ४० लाख ओळी वाचाव्या लागतात, म्हणून मार्चची रन वेगळी मोजा.

डेटा खऱ्यावरून घेणार असाल तर नावं, आधार, यूएएन (निर्वाह निधीचा क्रमांक), खाते क्रमांक झाकावेच लागतात. झाकताना एक खड्डा असतो. आधारचा शेवटचा अंक तपासणीचा असतो, आयएफएससी (बँक शाखेचा कोड) ११ अक्षरांचा आणि त्यातलं पाचवं शून्य. मनाला येतील ते अंक भरले, तर प्रणाली ती माणसं आयात करतानाच नाकारते आणि त्यांची गणना होतच नाही. रन झटपट संपते, सगळे खूश. म्हणून प्रत्येक रननंतर पहिला प्रश्न ‘किती वेळ लागला’ हा नको. ‘किती जणांचा पगार खरोखर निघाला’ हा हवा. ८०,००० पैकी ७१,४०० निघाले असतील तर ती रन फेकून द्या.

डेटा भरून झाला की डेटाबेसची आकडेवारी ताजी करा. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ॲनालाइझ ही आज्ञा चालवा. ते विसरलं तर नियोजक, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, टेबल रिकामं समजून भलताच रस्ता धरतो आणि तुम्ही दोन दिवस कोडमध्ये दोष शोधत बसता.

यंत्र चाचणीसाठी लावताना

कोअर, म्हणजे सीपीयूतली गणनेची केंद्रं, मोजताना लॉजिकल आकड्यावर जाऊ नका. १६ कोअरचं यंत्र हायपरथ्रेडिंगमुळे (एक कोअर दोन भासवण्याच्या सोयीमुळे) ३२ दाखवतं. गणनेचा वेग दुप्पट होत नाही. सीपीयूचा गव्हर्नर (गती ठरवणारी मांडणी) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा, नाहीतर वीज वाचवायच्या नादात घड्याळगती वरखाली होते आणि दोन रनांची तुलना करता येत नाही. बॅकअप, अँटिव्हायरस आणि रात्रीचे अहवाल यांची वेळ तपासा. रात्री १ वाजता रन अचानक मंदावली की बहुधा बॅकअप सुरू झालेला असतो. त्यावर उपाय दोन: बॅकअप हलवा, किंवा तो धरूनच मोजा. खऱ्या रात्री तो चालणारच असेल तर दुसरं प्रामाणिक.

किनाऱ्यावरच्या सर्व्हर खोलीत तापमानाची नोंद ठेवणं अनिवार्य समजा. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही शिफारस केलेली मर्यादा. पावसाळी वाऱ्यात झावळी तारेवर पडली, लाइन गेली, यूपीएसने सर्व्हर धरला. पण एसी यूपीएसवर नसतो. बंद खोली तापायला लागते, सीपीयू स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो आणि रन बंद न पडता नुसती रेंगाळते. लॉगमध्ये चूक काहीच दिसत नाही. म्हणून दर मिनिटाला तापमान आणि घड्याळगती दोन्ही लिहून ठेवा.

डिस्कच्या रेड कंट्रोलरवरची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डावरची) बॅटरीही बघा. ती जुनी झाली किंवा मेली की कंट्रोलर लिखाण कॅशेत (तात्पुरत्या जलद मेमरीत) न ठेवता थेट डिस्कवर करायला लागतो आणि कमिटचा वेळ एकदम वाढतो. काही जुने कंट्रोलर ठरावीक दिवसांनी बॅटरीची चाचणी म्हणून ती स्वतःच उतरवतात. तेवढे तास असंच होतं. ‘मागच्या महिन्यात ठीक होतं, या महिन्यात दुप्पट वेळ, बदललं काहीच नाही’ अशी तक्रार आली की सगळ्यात आधी कंट्रोलरची स्थिती पाहावी.

सर्व्हर क्लाउडवर असेल तर उधारीवरचा वेग ओळखा. ॲमेझॉनच्या जीपी२ डिस्कला जीबीमागे सेकंदाला वाचन-लिखाणाच्या ३ क्रिया हा कायमचा दर असतो, म्हणजे १०० जीबीला ३००. पण शिल्लक क्रेडिटवर ती ३,००० पर्यंत धावते. भरलेली शिल्लक ५४ लाख क्रियांची. ३,००० ने खर्च आणि ३०० ने भरणा, म्हणजे साधारण ३३ मिनिटांत खडखडाट. वीस मिनिटांची चाचणी उत्तम येते आणि पाच तासांची रन चौतिसाव्या मिनिटाला बसते. चाचणी म्हणूनच पूर्ण लांबीची हवी. दहा टक्के डेटा घेऊन वेळेला दहाने गुणणं ही फसवणूक आहे, आणि ती आपलीच.

काय लिहून ठेवायचं

साधनं साधीच पुरतात. लिनक्सवर सिस्स्टॅट पॅकेज बसवा आणि त्यातलं ‘सार’ हे साधन दर १० सेकंदांनी नोंदी घेईल असं लावा. डिस्क मोजणाऱ्या आयओस्टॅटमध्ये लिखाणाचा सरासरी थांबा बघा; डिस्क किती टक्के गुंतली हा रकाना एसएसडीवर फसवा असतो, कारण ती एकाच वेळी अनेक कामं घेते. व्हीएमस्टॅट या साधनात शेवटाकडे एसटी नावाचा रकाना असतो. ही लाल डबा एसटी नव्हे. व्हर्च्युअल मशीनच्या वाट्याचा जो वेळ शेजाऱ्यांनी नेला, तो यात दिसतो. तो सतत ५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या यंत्रावर मोजमाप करू नका.

डेटाबेसच्या बाजूला पोस्टग्रेएसक्यूएल असेल तर पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (क्वेऱ्यांची संख्या आणि वेळ नोंदणारी जोडणी) चालू करा आणि रनच्या आधी शून्यावर आणा. ओरॅकलचा डेटाबेस असेल तर परवान्यात बसत असल्यास रनच्या आधी आणि नंतर एडब्ल्यूआरची (कामगिरीच्या नोंदींची) छबी घ्या. दोन्हीकडे शोधायचं तेच: कोणती क्वेरी एकूण सर्वाधिक वेळ खाते. एका फेरीला ती अर्धा मिलिसेकंदच घेत असेल, पण कोटीभर वेळा धावली तर तीच तुमची रात्र.

प्रत्येक मांडणीची रन किमान पाच वेळा करा. पहिली डेटाबेस आणि कार्यप्रणालीची कॅशे रिकामी करून, आणि ती सरासरीत मिसळू नका. महिनाभर दुसरीच कामं करणारा सर्व्हर पगाराच्या रात्री थंडच असतो, त्यामुळे ही थंड रन तुमच्या वास्तवाच्या जास्त जवळची. उरलेल्या चारांतून मधला आकडा आणि सगळ्यात वाईट आकडा लिहा. या चारांत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर पुढे जाऊ नका. काहीतरी हाताबाहेर आहे. ते आधी सापडलं पाहिजे.

थ्रेड वाढवत जा, आणि कुठे वाकतं ते पाहा

गणनेचा टप्पा १, २, ४, ८, १६, ३२ थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तितक्या धाग्यांवर, चालवा, बाकी सगळं तेच ठेवून. समजा मिनिटं अशी आली:

१ थ्रेड: ६४०
२ थ्रेड: ३२५
४ थ्रेड: १७०
८ थ्रेड: ११०
१६ थ्रेड: १०४
३२ थ्रेड: १३१

चारपर्यंत जवळजवळ सरळ हिशेब. आठला थोडी ओढ. सोळाला थ्रेड दुप्पट करून सहाच मिनिटं वाचली. बत्तीसला उलट वेळ वाढला.

कामातला काही भाग एकट्यानेच करावा लागत असेल तर थ्रेड वाढवून मिळणाऱ्या फायद्याला मर्यादा असते, हा ॲम्डालचा नियम. दहा टक्के काम एकेरी असेल तर सोळा थ्रेडवर जास्तीत जास्त ६.४ पट वेग. पण तो नियम ‘फायदा थांबेल’ एवढंच सांगतो. ‘तोटा होईल’ असं सांगत नाही. ३२ वर वेळ वाढला याचा अर्थ थ्रेड एकमेकांच्या वाटेत येत आहेत. सीपीयू ४० टक्केच वापरात आणि तरी रन हळू, हे त्याचं दुसरं लक्षण. इथे आणखी कोअर विकत घेणं म्हणजे अरुंद साकवावर आणखी माणसं उभी करणं.

अशा वेळी चालू सत्रं कशाची वाट पाहत आहेत ते पाहा. पेरोलमध्ये हमखास सापडतो तो पुढच्या व्हाउचर क्रमांकाचा काउंटर. एका टेबलात एक ओळ, प्रत्येक थ्रेड तिच्यावर लॉक घेतो, क्रमांक वाढवतो आणि आपला कमिट होईपर्यंत ती ओळ सोडत नाही. बाकीचे एकतीस रांगेत. उपाय म्हणून प्रत्येक थ्रेडला हजार क्रमांकांचा गठ्ठा आधीच देता येतो, पण मग मध्ये क्रमांक गळतात आणि लेखापरीक्षक विचारतात. त्यापेक्षा गणना क्रमांकाशिवाय होऊ द्या आणि निश्चितीच्या वेळी एकाच आज्ञेत सगळ्यांना ओळीने क्रमांक द्या. गळती नाही, रांग नाही.

एका थ्रेडला एका वेळी किती माणसं द्यायची, हा गठ्ठ्याचा आकार दुसरा महत्त्वाचा खटका. दर माणसामागे कमिट केला आणि एका कमिटला ५ मिलिसेकंद लागले, तर ८०,००० ला ४०० सेकंद नुसते कमिटमध्ये. २०० चा गठ्ठा केला तर ४०० कमिट, दोन सेकंद. मग १०,००० चा गठ्ठा का नको? कारण आठच गठ्ठे होतात आणि थकबाकीवाले सगळे एकाच कारखान्याचे, एकाच गठ्ठ्यात असतात. सात थ्रेड मोकळे बसतात, आठवा तासभर एकटा राबतो. शिवाय शेवटच्या माणसाच्या खात्यात काही चूक निघाली तर १०,००० जणांचं काम उलटतं. १०० ते ५०० च्या दरम्यान चाचणी करून आकडा ठरवा आणि थकबाकीवाल्यांना सगळ्या गठ्ठ्यांत पसरा.

अंतराचा हिशेब

ॲप्लिकेशन सर्व्हर रत्नागिरीत आणि डेटाबेस मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी हळूहळू, कुणी न ठरवता झालेली असते. कार्यालयीन कामाला ती चालते. पगाराला ती मारक. एका माणसाची गणना १२० क्वेऱ्या मारत असेल आणि एकाच खोलीतल्या दोन यंत्रांत जाण्यायेण्याच्या एका फेरीला ०.४ मिलिसेकंद लागत असेल, तर माणशी ४८ मिलिसेकंद, ८०,००० ला ६४ मिनिटं, आठ थ्रेडवर आठ मिनिटं. हीच फेरी १२ मिलिसेकंदांची झाली तर माणशी १.४४ सेकंद, एकूण ३२ तास, आठ थ्रेडवर चार तास. पाच तासांतले चार तास नुसते येण्याजाण्यात! सीपीयू रिकामा, डिस्क रिकामी, दोन्ही टोकांचे लोक म्हणणार आमच्याकडे काही अडचण नाही. पिंगने फेरीचा वेळ आणि पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्समधून क्वेऱ्यांची संख्या घ्या, गुणाकार करा. निदान पाच मिनिटांत होतं. उपचार म्हणजे गणनेचं इंजिन डेटाबेसशेजारी नेणं, किंवा दर माणसामागे विचारण्याऐवजी २०० जणांची माहिती एकदम आणणं. दोन्ही केलं तर उत्तमच.

बरोबर आलं का?

चुकीचं उत्तर नेहमीच लवकर येतं. म्हणून वेगाआधी दोन चाचण्या. एक, ३०० कर्मचाऱ्यांचा नमुना संच, हाताने हिशेब करून ठेवलेला, त्यात सगळे कोपरे असलेला. ईएसआयची वर्गणी प्रत्येक वेळी वरच्या रुपयात जाते, भविष्य निर्वाह निधीची जवळच्या रुपयात. १६,४३० वेतनावर ईएसआयचे कामगाराचे ०.७५ टक्के १२३.२२५ होतात, कापायचे १२४, मालकाचे ३.२५ टक्के ५३३.९७५, भरायचे ५३४. १५,००० वर निधीचे १,८००, मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनला आणि ५५० निधीला. वेगासाठी कुणी दशांशाऐवजी बायनरी अपूर्णांक वापरले आणि नेमके १२० यायला हवेत तिथे शेपटाला अतिसूक्ष्म शेष राहिला, तर वर नेण्याच्या नियमाने ते १२१ होतात. एक रुपया, पण हजारो जणांचा, आणि चलन जुळत नाही.

महिनेही निवडून घ्या. व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. २५,००० पर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना माफ. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरला. ईएसआयची २१,००० ची मर्यादा एखाद्याने जुलैमध्ये ओलांडली तरी वर्गणी सप्टेंबरअखेरपर्यंत चालू राहते, म्हणून ऑक्टोबरच्या रनमध्ये माणसं एकदम बाहेर पडतात. हे नियम तारखेसह टेबलात असावेत. कोडमध्ये कोरलेले असतील तर थकबाकी काढताना जुने दर कुठून आणणार?

दुसरी चाचणी सोपी आणि निर्दयी. एका थ्रेडवरच्या रनचा निकाल आणि सोळा थ्रेडवरचा निकाल ओळीने ओळ ताडून पाहा. निव्वळ पगार, प्रत्येक कपात, पैशापर्यंत सारखी हवी. एका माणसाचाही फरक आला तर थ्रेड एकमेकांच्या आकड्यांवर पाय देत आहेत. त्या प्रणालीचा वेग मोजण्यात अर्थ नाही.

मधेच वीज काढा

चाचणीच्या सर्व्हरवर, रन ६० टक्क्यांवर असताना, खरोखर वीज काढा. शटडाउन नको, प्लग. मग तीन गोष्टी मोजा: डेटाबेस पुन्हा उभा राहायला किती मिनिटं, रन राहिलेल्या गठ्ठ्यापासून सुरू होते की पहिल्यापासून, आणि शेवटी कुणाचा पगार दोनदा किंवा शून्य वेळा लागला का. कमिट झाला असं सांगितलेली ओळ परत आल्यावर गायब असेल तर तुमच्या वेगाचं रहस्य उलगडलं. कुणीतरी पोस्टग्रेएसक्यूएलचा सिंक्रोनस कमिट किंवा एफसिंक (नोंद डिस्कवर पक्की होईपर्यंत थांबायला लावणाऱ्या मांडण्या) बंद करून ठेवला आहे, नाहीतर एसएसडी वीज गेल्यावर कॅशे वाचवणाऱ्या जातीची नाही. असा वेग पगाराच्या कामात घेऊ नये, आणि पावसाळ्यात तर नाहीच.

स्लिपा

देवनागरी स्लिपांना स्वतंत्र मोजा. जोडाक्षरं मांडायला सीपीयू इंग्रजीपेक्षा जास्त लागतो, आणि तो गणनेच्या थ्रेडशीच भांडतो. त्याहून मोठी गोष्ट फॉन्टची. फाइलमध्ये वापरलेलीच अक्षरं न घालता अख्खा फॉन्ट गेला आणि तो २५० केबीचा असला, तर ८०,००० स्लिपांचे २० जीबी होतात. ईमेल सर्व्हर तिथेच झोपतो. ‘ऱ्हाटे’सारख्या नावातला ऱ दोन प्रकारे साठवता येतो, एकाच अक्षराचा किंवा र आणि नुक्त्याचा, दोन्ही दिसतात सारखे, जुळत मात्र नाहीत, आणि न जुळलेली नावं हाताने जोडण्यात गेलेला वेळ कुठल्याच लॉगमध्ये येत नाही. आयात करतानाच सगळं एका रूपात आणा.

नोंदवहीचं पान

प्रत्येक मांडणीला एक पान पुरतं. वरती यंत्र: खरे कोअर, मेमरी, डिस्कचा प्रकार, कंट्रोलरच्या बॅटरीची स्थिती, डेटाबेसची आवृत्ती, कमिटची मांडणी. त्याखाली डेटा: माणसं, त्यातले थकबाकीवाले, फुल अँड फायनलवाले, इतिहासाचे महिने. मग टप्प्याटप्प्याची मिनिटं, थंड रन आणि चार गरम रनांतली मधली व सर्वांत वाईट. किती जणांचा पगार निघाला, किती नाकारले, एकूण निव्वळ रक्कम. खोलीचं कमाल तापमान. शेवटच्या ओळीत हजेरी बंद झाल्यापासून बँक फाइल तयार होईपर्यंतचे तास, आणि त्याच्या शेजारी पाच.

हा आकडा थंड रनमध्येही पाचच्या आत आला, की ती फाइल बँकेच्या चाचणी खिडकीतून पाठवून पोच आणि नाकारलेल्या नोंदींची यादी परत येईपर्यंतचा वेळही त्याच पानावर लिहा. बँकेने परत पाठवलेली दोनशे खाती दुरुस्त करून पुन्हा पाठवायलाही सकाळच त्याच दिवसाची असते.